जगाला एक कायदा, घराला दोन

१५ जानेवारी १९५१

झालं! व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय मान्य केला — ‘सर्व राष्ट्रांस एक कायदा’. मे महिन्यात, वाचनालयाच्या दिवाणखान्यात. अध्यक्ष अजून ठरायचे आहेत. कोण का असेनात! असा विषय कोल्हापुरात आजवर कुणी घेतलेला नाही. गेल्या वर्षी याच व्यासपीठावर एक गृहस्थ गुळाच्या ढेपेवर दीड तास बोलले आणि लोक बसून राहिले. मग मला का नाही बसणार?

बाररूममध्ये तिळगूळ वाटता वाटता सगळ्यांना सांगितलं. सयाजीराव — म्हणायचे स्नेही, आणि दर दाव्यात उभे विरुद्ध बाजूला — म्हणाले, “पंत, दरबार गेला, मुंबईचा कायदा आला, त्याला दोन वर्सं होत आली. अजून निम्म्या वकिलास्नी ठावं न्हाय, कुठलं कलम मेलंय आन् कुठलं जित्तं हाय. आन् तुमी जग जोडाय निघालाय व्हय?”

हसले सगळे. हसा लेको! गॅलिलिओलाही हसलेच होते.

१७ जानेवारी

पहिलं प्रकरण सांगितलं, बायकोने — श्यामलेने — उतरून घेतलं. माझं अक्षर मलाच दुसऱ्या दिवशी लागत नाही. तिचं मोत्यासारखं. मुद्दा असा — माणूस एक, न्यायबुद्धी एक, मग कायदे शंभर का? प्रत्येक देशातलं उत्तम ते घ्यावं आणि एक संहिता करावी.

लिहिता लिहिता थांबली. “एकच कायदा — पण कुणाचा?”

“सर्वात उत्तम असेल त्याचा.”

“उत्तम कुठला, ते कोण ठरवणार?”

बायकांना तत्त्व कळत नाही. तपशील लागतो!

२८ जानेवारी

दादा — थोरला भाऊ — इचलकरंजीहून आला होता. दिवसभर एकच विषय — दत्तक.

गोष्ट खरी आहे. मला एकुलती एक मीनाक्षी. एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाते, उद्या परक्या घरी जाईल. दादाला तीन मुलगे. मधला बंडू त्याने मला देऊ केला आहे. बंडू सत्तावीस वर्षांचा आहे, मिशा आहेत, बायको आहे, एक पोर आहे. पण आपल्या मुंबई इलाख्यात लग्न झालेला, पोराबाळांचा बापसुद्धा दत्तक चालतो. गंमत बघा — बंडू माझा मुलगा होणार, त्याची बायको माझी सून होणार, पण आधी झालेलं पोर मात्र दादाचंच नातवंड राहणार! बाप इकडे, पोर तिकडे. शास्त्रच तसं. जगाच्या संहितेत हे कसं बसवायचं, बघावं लागेल.

दादा म्हणाला, “दिल्लीत ते हिंदू कोड बिल शिजतंय. एकदा आलं की पोरींना वाटे द्यावे लागतील. त्याच्या आत उरकून घे.” अक्काने — थोरली बहीण, वैधव्य आल्यापासून आमच्याकडेच — डोळ्याला पदर लावला. “यज्ञा, तुझ्यामागे पाणी कोण देणार रे?” मला पाण्याचं एवढं नाही. पण घर! वाटणीत दादाने रोकड घेतली आणि माग टाकले. मी मंगळवार पेठेतलं हे घर घेतलं. पणजोबांपासूनचं. ते जावयाच्या नावाच्या पाटीखाली जाणार? छे!

मीनाक्षी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. सगळं ऐकलं असणार. पाहुणे गेल्यावर म्हणाली, “बाबा, मग मी?”

“तुझं लग्न होईल.”

“नाही झालं तर? झालं आणि परत यावं लागलं तर? अक्कासारखं?”

“बंडू बघेल.”

“बंडूदादा स्वतःचं तरी बघतो का?”

रागावलो. मग जेवण गेलं नाही. पोरगी माझ्या पोटात घर करून बसली आहे, खरं सांगायचं तर. पण कायद्याला पोट नसतं.

३० जानेवारी

श्यामलेच्या कानावर घातलं. बांगडे साफ करत होती. सुरी खाली ठेवली. “मला विचारताय की सांगताय?”

सांगतोय, म्हटलं. नवऱ्याने दत्तक घ्यायला बायकोची परवानगी लागत नाही. तिने सुरी उचलली.

१० फेब्रुवारी

सासरे वारल्याची तार. श्यामला बेळगावच्या गाडीने गोव्याला गेली. मोठा चांगला माणूस. मला दर उन्हाळ्यात काजू पाठवायचे.

२५ फेब्रुवारी

काय सांगू! मेव्हण्यांचं पत्र. फोंड्याकडे सासऱ्यांचं कुळागर आहे — नारळी, पोफळी, मिरवेल, बारमाही पाण्याचा पाट. पोर्तुगीज कायद्याने मुलीला मुलाइतकाच वाटा! भावंडं दोनच, म्हणजे श्यामलेला निम्मं. आणि एवढ्यावर संपत नाही. आमचं लग्न तिथल्या रिवाजाने आधी सरकारी कचेरीत नोंदलं होतं, अंतरपाट नंतर. मेव्हण्यांचा मडगावचा वकील म्हणतो, त्यामुळे बायकोला जे येईल त्याचं अर्धं नवऱ्याचं!

काय दूरदृष्टी! काय समता! युरोप तो युरोप! आपण फिरंगी फिरंगी म्हणून नाकं मुरडत बसलो. आज सकाळीच तिसरं प्रकरण नव्याने लिहिलं — ‘स्त्रीपुरुष समभागी: पोर्तुगालचा धडा’. मध्येच हुंदका आला. सासऱ्यांची आठवण.

५ मार्च

बाररूममध्ये तिसरं प्रकरण वाचून दाखवलं. सयाजीराव पान लावत ऐकत होते. “म्हंजे वैनींचं निम्मं तुमचं?”

“अर्थात.”

“मग तुमचं निम्मं वैनींचं व्हय की न्हाय?”

मी म्हटलं, तो वेगळ्या हद्दीचा प्रश्न आहे. सयाजीरावांनी पानाची पिचकारी टाकली. “पंत, लोका सांगे ब्रह्मज्ञान!” पुढचं सगळ्या बाररूमने मिळून म्हटलं.

या माणसाला सनद कुणी दिली?

१४ मार्च

श्यामला आली. सुकट आणलं, कोकम आणलं, आणि पोर्तुगीज कायद्याचं जाडजूड पुस्तक आणलं! लहानपणी तिथल्या शाळेत दोन इयत्ता पोर्तुगीज शिकली होती, हे मला वीस-बावीस वर्षांत कळलंच नव्हतं. चहा पिताना अडखळत अडखळत अर्थ सांगत होती. (मी पोर्तुगीज कायद्यावर अठरा पानं लिहिली आहेत. मला त्यातलं अक्षर वाचता येत नाही. हे फक्त इथे.)

मग शांतपणे म्हणाली, “कुळागरातलं निम्मं तुम्हाला हवं असेल तर घ्या. पण मडगावचे वकील म्हणतात, आपल्या दोघांचं सगळंच अर्धं अर्धं आहे, असं लिहून द्यावं लागेल. तिथलंही आणि इथलंही. हे घर धरून.”

“आणि बंडू?”

“तुमच्या निम्म्यात काय करायचं ते करा. माझं निम्मं मीनाक्षीचं.”

“हे कोल्हापूर आहे! फिरंग्यांचं राज्य नाही!”

“एकतर दोन्हीकडे अर्धं, नाहीतर कुठेच नाही. तुमच्याच पहिल्या प्रकरणात आहे — सगळीकडे एक कायदा. मीच उतरून घेतलंय.”

बायकोला लेखनिक करू नये!

१७ मार्च

जेवायला परत पिठलं.

२३ मार्च

तोड सापडली. म्हापशाला एक वकील आहे, तो मडगावच्या वकिलाच्या बरोबर उलट म्हणतो. स्थावर जिथलं, त्याला तिथला कायदा. म्हणजे गोव्यातलं कुळागर पोर्तुगीज कायद्याने अर्धं माझं, आणि कोल्हापुरातलं घर हिंदू कायद्याने सगळं माझं. किती स्वच्छ! किती शास्त्रशुद्ध!

अडचण एवढीच की व्याख्यानाचा विषय ‘सर्व राष्ट्रांस एक कायदा’ आहे. म्हणून चौथं प्रकरण घातलं — ‘अपवाद’. आता ते पहिल्या तिन्हींपेक्षा मोठं झालं आहे. श्यामलेने उतरून द्यायला नकार दिला. माझ्याच अक्षरात आहे. उद्या मला लागणार नाही.

१ एप्रिल

घरात कोण कुणाशी बोलत नाही, त्याची यादी करण्यापेक्षा कोण बोलतं ते लिहिणं सोपं. अक्का माझ्याशी बोलते — आणि फक्त दत्तकाबद्दल. दादाचं पत्र आलं: बायकोला एवढं डोक्यावर घेतलंस, आता भोग.

मीनाक्षीने माझ्या ऑफिसातली हिंदू लॉची पुस्तकं आत नेली आहेत. दुपारी आईला इंग्रजीतून मराठी करून वाचून दाखवते. चला, वाचनाची गोडी तरी लागली.

१२ एप्रिल

श्यामला इचलकरंजीला गेली. दादाकडचं चैत्रातलं हळदीकुंकू. मी म्हटलं, एवढं भांडण चालू असताना? तर म्हणाली, “भांडण तुमच्याशी आहे, कैरीच्या डाळीशी नाही.”

१५ एप्रिल

आज आक्रीतच घडलं.

सकाळी चहा घेऊन आली, समोर बसली. म्हणाली, “घ्या दत्तक. मी मध्ये येत नाही.” “माहेरचं मी भावाकडेच राहू देते. तुमचं निम्मं तिथे नको, माझं निम्मं इथे नको. ते पुस्तकही परत पाठवते. आपला आपला कायदा बरा.”

“खरंच म्हणतेस?”

“खरंच. फक्त बंडूलाच घ्या, दुसरं कुणी नको. आणि उगाच लांबवू नका.”

कुळागर गेलं याची हळहळ वाटली, नाही असं नाही. मिरवेलींचं विशेष. पण परवा इचलकरंजीत दादाच्या बायकोने, वहिनींनी, चार शब्द समजावले असतील, तिला पटलं. शेवटी बाईचं मन! मी तिला काय काय बोललो होतो या महिन्यात. डोळ्यांत पाणी आलं. तिला म्हटलं, तू मोठी आहेस श्यामला. ती म्हणाली, चहा गार होतोय.

दुपारी सुरमईचं कालवण. मीनाक्षीने हसून वाढलं. किती दिवसांनी हसली पोर! चौथं प्रकरण काढून टाकलं. आता गरज नाही.

१० मे

दत्तकविधान पार पडलं. एकाच घराण्यातला, एकाच गोत्राचा, त्यामुळे खरं तर ‘दिला’ — ‘घेतला’ एवढंच पुरतं. पण अक्काला सगळं साग्रसंगीत हवं होतं. मुलगा मांडीवर बसवायचा असतो. भटजी हळूच म्हणाले, “नुसतं टेकल्यासारखं करा.” बंडूला ऐकू आलं नाही. तो बसला! सगळा बसला! माझ्या उजव्या गुडघ्यातून जो आवाज निघाला, तो ऐकून दादाची मोठी सून उठून आत गेली. हसायला.

दादा म्हणाला, “दिला.” मी कसाबसा म्हणालो, “घेतला — आता उठ बाबा.”

श्यामला माझ्या डाव्या अंगाला बसली होती. हिरवी नऊवारी. चेहरा अगदी शांत. बंडूच्या तोंडात साखर घातली आणि म्हणाली, “सुखी राहा. आईला विसरू नको.” मीनाक्षीने त्याला ओवाळलं. मला एकाएकी वाटलं, हे आपण काय केलं? मग पंगत बसली, वाढायची घाई झाली, ते विसरलो.

१९ मे

काल व्याख्यान झालं. टाळ्या! काय टाळ्या! दिवाणखाना भरून माणसं जिन्यावर बसली होती. (शेजारच्या सभागृहातला कीर्तनाचा कार्यक्रम रद्द झाला होता, असं सयाजीराव म्हणतात. म्हणोत.) रोमपासून सुरुवात केली, फ्रान्स, जर्मनी, पोर्तुगाल, मनू. शेवटी प्रश्नोत्तरं. एक तरुण उठला — “व्याख्यात्यांच्या मते मुलीला बापाच्या घरात वाटा असावा काय?”

मी छाती काढून म्हणालो, “निःसंशय! साऱ्या जगात!”

बायकांच्या बाकांवरून टाळ्यांचा पाऊस. मीनाक्षी टाळ्या वाजवत नव्हती. खाली बघत होती. दादा पहिल्या रांगेत झोपला होता.

४ जून

बंडू आला होता. ओटीवर बसला, चहा घेतला, चकल्या खाल्ल्या, आणि म्हणाला, “काका — म्हणजे बाबा — मला वाटणी पाहिजे.”

“कसली वाटणी?”

“घराची. चार पॉवरलूम टाकायचेत.”

अजून दत्तकविधानाचा मांडव नीट उतरलेला नाही! म्हटलं, मी जिवंत आहे अजून. तर म्हणाला, “त्याने काय होतंय? वडिलोपार्जित घर हाय. मांडीवर बसल्यापासून निम्मं माझंच की.”

खरं आहे. कायदा असाच आहे. असे दोन दावे मी स्वतः जिंकले आहेत, मुलाच्या बाजूने. पण आपला बंडू असं करील, हे डोक्यातसुद्धा आलं नाही! आयत्या बिळावर नागोबा!

दादाला फोन केला — पेठेतल्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून, चार पेशंटांच्या देखत. दादा म्हणाला, “मी कोण सांगणार? तो आता तुझा मुलगा.”

६ जून

बंडूने वकील केला. कोण? सयाजीराव!

अक्काने अन्न सोडलं. नंतर थोडा उपमा खाल्ला.

१२ जून

सयाजीराव स्वतः घरी आले. कोर्टाआधी बोलून बघू म्हणून. “पंत, लढलासा तर हरशीला. तुमचेच दोन निकाल दाखवून हरवीन.”

“मग निम्मं-निम्मं करा आणि सोडवा मला.”

“निम्मं कसं? तीन वाटं हुत्यात की!”

सयाजीराव मला कायदा शिकवत होते, आणि ते बरोबर होते, हे जास्त वाईट. आपल्या कायद्यात बायकोला स्वतःहून वाटणी मागता येत नाही. जन्मभर मागता येत नाही. पण बाप-लेकात वाटणी झाली की तिला लेकाइतका वाटा द्यावाच लागतो. एक बापाचा, एक लेकाचा, एक तिचा. “वैनींचा वाटा कायमच्या मालकीनं लिवायचा. त्यांच्या मागं कुणाला द्यायचं ते त्याच ठरवत्याल. आमच्या पक्षकाराची हरकत न्हाय. तुमची हाय?”

बंडू म्हणाला, “आपली नाही बुवा.” एवढ्या पटकन!

कोर्टात गेलो तर सगळं कोल्हापूर जमेल. ‘सर्व राष्ट्रांस एक कायदा’वाले पंत मुलाशी भांडतात! हो म्हणालो. तेलही गेलं, तूपही गेलं. श्यामला दाराआड उभी होती. आत गेली, आणि सयाजीरावांसाठी परत चहा ठेवला.

२३ जून

सह्या झाल्या. रस्त्याकडचा भाग बंडूचा. म्हणजे माझं ऑफिस! तिथे तो सायकलवाल्याला भाडेकरू ठेवणार आहे, त्याच्या पागडीतून माग घेणार. मधलं अंधारं माझं. विहीर, परस आणि मागच्या तीन खोल्या श्यामलेच्या. मीनाक्षीने मागच्या माडीवर आपली पुस्तकं लावली. दारात उभा राहिलो, तर म्हणाली, “या ना बाबा. विचारायचं काय त्यात?” आत जाऊन तिची चार पुस्तकं उगाच सरळ लावली.

माझी पुस्तकं माजघरात पोत्यात आहेत.

१ जुलै

सायकलवाल्याला किल्ली द्यायला बंडू आला होता. मी नको नको ते बोललो. चिडला. “माझ्यावर काय ओरडताय? मला कुठला कायदा कळतोय? वाटणी माग, तिसरा वाटा मला सोड, असं काकूनेच सांगितलं. चैत्रात हळदीकुंकवाला आली होती तेव्हा!”

मागच्या अंगणात गेलो. श्यामला अळू निवडत होती. विचारलं. वर बघितलंसुद्धा नाही. “मुलगा नसता तर वाटणी नव्हती. वाटणी नसती तर मला वाटा नव्हता. मुलगा तर हवाच होता ना?” देठ सोलत राहिली. मग म्हणाली, “तुमचा कायदा वाईट नाही हो. शेवटपर्यंत वाचावा लागतो, एवढंच.”